वजनाचे इंजेक्शन आणि जुन्या दुखण्यांचा बोजा

पेढीवर, लग्नमंडपात, मंदिराच्या ओसरीवर सध्या एक विषय हमखास निघतो. आठवड्यातून एकदा टोचून घ्यायचे आणि वजन उतरवायचे. टिर्झेपेटाइड हे औषध ‘मौंजारो’ या नावाने मार्च 2025 मध्ये भारतात आले आणि सेमाग्लुटाइडचे ‘वेगोवी’ त्याच वर्षी जूनमध्ये. सेमाग्लुटाइडच्या भारतीय पेटंटची मुदत मार्च 2026 ची. त्यानंतर भाव उतरणार हे व्यापाऱ्याला समजावून सांगावे लागत नाही. भाव उतरला की गिऱ्हाईक वाढते, आणि गिऱ्हाईक वाढले की ‘अमक्याने घेतले, तमक्याला लागू पडले’ हीच शिफारस पुरेशी वाटू लागते. औषधाच्या बाबतीत ती पुरेशी नाही.

जेवणानंतर आपल्या आतड्यातून जीएलपी-1 नावाचे संप्रेरक स्रवते. ते मेंदूला ‘पुरे’ असा निरोप देते, जठरातील अन्न सावकाश पुढे सरकवते आणि साखर वाढलेली असेल तर इन्शुलिनला चालना देते. ही औषधे त्याच संप्रेरकाची नक्कल करतात. टिर्झेपेटाइड जोडीला आणखी एका संप्रेरकाचे काम करते. परिणाम खरा आहे. 2021 साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत सेमाग्लुटाइड घेणाऱ्यांचे वजन 68 आठवड्यांत सरासरी सुमारे 15 टक्क्यांनी घटले. हृदयविकार असलेल्या स्थूल रुग्णांच्या 2023 च्या चाचणीत हृदयविकाराचा झटका, पक्षाघात व हृदयविकाराने मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण 20 टक्क्यांनी कमी आढळले. तेव्हा हे केवळ श्रीमंतांचे फॅड म्हणून झटकून टाकणेही योग्य नव्हे.

आपल्या वाचकांच्या मनातील एका शंकेचा येथेच निकाल लावलेला बरा. ही औषधे सरड्याच्या विषापासून करतात अशी वार्ता फिरते. या वर्गातील पहिल्या औषधाचा, 2005 साली मान्यता मिळालेल्या एक्सेनाटाइडचा, शोध गिला नावाच्या अमेरिकी सरड्याच्या लाळेतील द्रव्यावरून लागला हे खरे. परंतु ते औषधही कृत्रिमरीत्या घडवलेले होते. सेमाग्लुटाइडचा मूळ रेणू यीस्टच्या साहाय्याने तयार होतो आणि टिर्झेपेटाइड रासायनिक पद्धतीने. प्राण्यांवरील चाचण्या मात्र इतर औषधांप्रमाणे यांच्याही झालेल्या आहेत.

कर्जाचा अर्ज आला की बँक आधी तारणावरचा जुना बोजा पाहते. शरीराचेही तसेच पाहावे लागते, आणि तो बोजा बहुधा अर्जदाराच्याही लक्षात नसतो. सांगलीच्या बाजारपेठेतील एका हळदव्यापाऱ्याचे उदाहरण घेऊ. वय 58, उंची 165 सेंटिमीटर, वजन 96 किलो. म्हणजे बीएमआय 35 च्या घरात. भारतीयांसाठी 25 पासूनच स्थूलता धरतात, त्यामुळे वजनाच्या निकषावर गृहस्थ केव्हाच पात्र. मधुमेह बारा वर्षांचा, रक्तदाबाची गोळी रोजची, दोन वर्षांपूर्वीच्या सोनोग्राफीत पित्ताशयात खडे दिसलेले. पण दुखत नाहीत म्हणून विसरलेले. मुंबईच्या व्याह्यांनी पेन पाठवण्याचे कबूल केले होते. धाकटी सून औषधनिर्माणशास्त्राची पदवीधर. तिने विचारले, “अण्णा, तुमच्या साखरेच्या गोळीत ग्लिमेपिराइड आहे. हे डॉक्टरांना सांगितलंत का?” अण्णा म्हणाले, “अगं, साखरेची गोळी ती साखरेची गोळी. इंजेक्शननं साखर उतरली तर चांगलंच की!”

सुनेचा प्रश्न नेमका होता. ही इंजेक्शने एकटी घेतली तर साखर सहसा धोकादायक पातळीपर्यंत उतरवत नाहीत. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्शुलिन जोडीला असेल तर गोष्ट वेगळी. ती गोळी खाणे होवो न होवो, इन्शुलिन बाहेर काढतच राहते. इकडे भूक मेलेली. अशा वेळी घाम, थरथर, भोवळ आणि क्वचित बेशुद्धी. म्हणून इंजेक्शन सुरू करतानाच डॉक्टर त्या गोळीची मात्रा बहुधा कमी करतात. पेन परस्पर मागवणाऱ्याला ती कोण कमी करून देणार?

डॉक्टरांपुढे फाईल उघडल्यावर आणखी दोन गोष्टी निघाल्या. अण्णांच्या थोरल्या बहिणीची, आक्कांची, गळ्याच्या गाठीची शस्त्रक्रिया पंधरा वर्षांपूर्वी झालेली. थायरॉइडचा मेड्युलरी नावाचा कर्करोग स्वतःला किंवा रक्ताच्या नात्यात कोणाला झालेला असेल, अथवा एमईएन-2 हा आनुवंशिक विकार घरात असेल, तर ही औषधे देत नाहीत. उंदरांमध्ये थायरॉइडच्या गाठी आढळल्यामुळे ही सावधगिरी घेतली जाते; माणसात तसे सिद्ध झालेले नाही, तरी हा नियम पाळतात. “आक्काची गाठ कसली होती?” या प्रश्नाला घरात कोणाकडेच उत्तर नव्हते. जुन्या ट्रंकेतून तपासणीचा कागद सापडला तेव्हा तो पॅपिलरी प्रकारचा निघाला, आणि ती अडचण दूर झाली. येथे एक खुलासा आवश्यक आहे : घरोघरी आढळणारा, रोज सकाळी गोळी घ्यावी लागणारा थायरॉइडचा मंदपणा हा या बंदीत येत नाही. वजन घटल्यावर त्या गोळीची मात्रा तेवढी पुन्हा तपासावी लागते.

दुसरी गोष्ट डोळ्यांची. बाहुली मोठी करून पडदा तपासला तेव्हा मधुमेहाने तो बिघडू लागल्याचे दिसले. वर्षानुवर्षे चढलेली साखर एकदम उतरली तर असा पडदा काही काळ अधिक बिघडू शकतो. तेव्हा आधी नेत्रतज्ज्ञांचा सल्ला, मग मात्रा सावकाश वाढवणे, असे ठरले. पित्ताशयातील खड्यांमुळे सर्जनचे मत घेण्यात आले. वजन झपाट्याने उतरताना खडे वाढतात आणि ही औषधेही पित्ताशयाच्या तक्रारी वाढवतात. पूर्वी स्वादुपिंडाला सूज येऊन गेली असती तर बहुधा हा मार्गच सोडावा लागला असता.

खरा पेच मात्र भाद्रपदाचा होता. अण्णा वीस वर्षे दशलक्षण पर्वात कडक उपवास करीत आलेले. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले, “मात्रा चढवण्याचे महिने आणि उपवास एकत्र चालणार नाहीत.” पहिल्या काही आठवड्यांत मळमळ, उलट्या, जुलाब होऊ शकतात. त्यात पाणी पोटात गेले नाही आणि रक्तदाबाची गोळी लघवी वाढवणारी असली, तर मूत्रपिंडावर ताण येतो. डापाग्लिफ्लोझिनसारखी गोळी घेणाऱ्याच्या रक्तात उपाशीपणी आम्ल साचण्याचे निराळे भय असते. घरात दोन दिवस अबोला झाला. काकूंचे म्हणणे, “अहो, शरीर धड राहिलं तर पर्व पुढच्या वर्षीही येईल.” अण्णांनी शेवटी उलटे केले : इंजेक्शन पर्वानंतर सुरू करायचे ठरवले आणि त्या वर्षीचा उपवास डॉक्टरांना विचारून, गोळ्यांच्या वेळा बदलून, एकाशनावर आणला. पुढील वर्षीचा प्रश्न तसाच उभा आहे. ज्या घरात आयंबिल, अठ्ठाई किंवा वर्षीतप चालतात, तेथे हा प्रश्न औषधापूर्वी विचारला जावा. डॉक्टर आपल्या व्रतांचे पंचांग पाहून बसलेले नसतात.

मुलींच्या बाबतीत तर अधिकच जपावे. लग्नाच्या शालूसाठी पाच किलो कमी करायला ही औषधे नाहीत. गर्भधारणेचा विचार असेल तर सेमाग्लुटाइड किमान दोन महिने आधी थांबवावे लागते. टिर्झेपेटाइडमुळे गर्भनिरोधक गोळीचा प्रभाव घटू शकतो, आणि वजन उतरल्यावर पीसीओडी असलेल्या स्त्रीला अनपेक्षित दिवस जाण्याचा संभवही असतो. ही चौकशी सासूसमोर होत नाही; सुनेला डॉक्टरांशी एकटीने बोलू द्यावे.

चरबीबरोबर स्नायूही झिजतात. कंदमुळे वर्ज्य असलेल्या शाकाहारी ताटात भूक कमी झाली की पहिली गळते ती डाळ. मूग, मटकी, पनीर यांना पहिला मान आणि भाताला शेवटचा, शिवाय स्नायूंना ताण देणारा व्यायाम, हे पथ्य साठीच्या माणसाने तरी चुकवू नये.

खर्चाचा हिशेब ‘किती महिने’ या प्रश्नावर अडतो. औषध थांबवल्यावर वर्षभरात घटलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश परत आल्याचे सेमाग्लुटाइडच्या चाचणीत दिसले. म्हणजे हा हप्ता मुदतीचा नाही, बहुधा चालूच राहणारा आहे. घरखर्चात तो तसाच मांडावा.

इंजेक्शन चालू असताना कोणतीही शस्त्रक्रिया किंवा दुर्बिणीची तपासणी ठरली तर भूलतज्ज्ञांना आधी कळवावे, कारण उपाशी राहूनही जठरात अन्न उरलेले असू शकते. पेन चिठ्ठीवर, पावतीसह, शीतपेटीतून आलेलेच घ्यावे. न उघडलेले पेन 2 ते 8 अंश सेल्सिअसवर ठेवायचे असते. फ्रीझरमध्ये गोठलेले असेल तर ते वापरू नये, मग त्याची किंमत कितीही असो.