विश्वस्ताचा हिशेब

मत्तयकृत शुभवर्तमानाच्या २५ व्या अध्यायांतील एक दृष्टांत आमच्या व्यापारी वाचकांस सहज पटेल. धनी परदेशीं जातांना तीन चाकरांवर आपलें द्रव्य सोंपवितो. दोघे तें दुप्पट करितात; तिसरा भयानें जमिनींत पुरून ठेवितो, आणि धन्याच्या रोषास तोच पात्र होतो. त्यानें अफरातफर केली नव्हती. ठेव निरुपयोगी ठेविली, व्याजासही लाविली नाहीं, हाच त्याचा अपराध.

मनुष्य धनाचा स्वामी नसून विश्वस्त आहे, हें तत्त्व ख्रिस्ती लोक आपल्या श्रद्धेसही लावितात, व ती दुसऱ्यास सांगणें कर्तव्य मानितात. याबद्दल त्यांस दोष देण्याचें कारण नाहीं. प्रश्न आहे तो रीतीचा. अन्नाची वा नोकरीची लालूच दाखवून दिलेली श्रद्धा हें दान नव्हे, सौदा होय. गरजवंताच्या अडचणीचा फायदा घेऊन मिळविलेली संमति कायदाही खुषीची मानीत नाहीं.

याच्या उलट उदाहरण रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचें. १८९५ सालीं त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. पत्नी लक्ष्मीबाई मात्र १९०० सालीं, स्वतःची खात्री पटल्यावर, ख्रिस्ती झाल्या. १९१७ सालीं टिळकांनीं मिशनचें वेतन सोडून ‘देवाचा दरबार’ स्थापिला. पगारी उपदेशकाच्या शब्दाविषयीं जो संशय येतो, त्याचें मूळच त्यांनीं तोडिलें.

धर्मादायाच्या नांवें जमलेला पैसा ज्यांच्या वह्यांत आहे, त्यांनीं, मग ते कोणत्याही धर्माचे असोत, हा धडा घ्यावा. ती रक्कम आपली नव्हे. ज्याचा हिशेब चोख, त्याच्याच तोंडीं धर्म शोभतो.