शेकडा पाचचा फास

गिरणीत, रेल्वेत, पालिकेत राबून आमच्या वडीलधाऱ्यांनी घरात पहिला पगार आणला. त्यांच्या मुलांच्या निवृत्तीच्या फंडाचे आज काय होते? मांडव, बँड आणि जेवणावळी! कमी पडले की सावकार आहेच. 'शेकडा पाच' ऐकायला किरकोळ वाटते, पण ते महिन्याचे व्याज आहे. म्हणजे वर्षाला 60 टक्के! 50 हजारांवर महिन्याला अडीच हजार. वीस महिन्यांत मुद्दलाएवढे व्याज जाते आणि मुद्दल तसेच उभे राहते. विनापरवाना सावकारी हा 2014 च्या राज्य कायद्याने गुन्हा आहे, हे किती वस्त्यांना ठाऊक आहे?

1923 साली रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिणाऱ्या बाबासाहेबांचा आम्ही जयजयकार करतो, पण घरातल्या रुपयाचा हिशेब ठेवत नाही. समाजबांधवांनो, लग्ने विहारात साधेपणाने लावा. फंडातून आधी कर्ज फेडा, उरलेले बँकेत वा टपाल खात्यात ठेवा. आणि मृत्युपत्रात मुलीचाही वाटा लिहा. मुलीला वारसाहक्क देणारे हिंदू कोड बिल रखडले तेव्हा बाबासाहेबांनी 1951 साली मंत्रिपद सोडले. तो हक्क आपणच आपल्या लेकीला नाकारणार काय?