सॉफ्टवेअरच्या नावानं बोटं मोडणाऱ्यांना

आमच्या नात्यातली आणि माझ्या हाताखालून गेलेली बरीच पोरं हल्ली शेअर बाजारात 'ऑप्शन खेळतात'. (खेळतात हा शब्द त्यांचाच, माझा नव्हे.) पैसे गेले की कारण एकच सांगतात, सॉफ्टवेअर. सव्वानऊला ॲप अडकलं, स्टॉपलॉस लागला नाही, सिग्नल उशिरा आला. वाचकहो, यात दोन अगदी वेगळ्या तक्रारी एकाच पिशवीत भरल्या आहेत, आणि त्यामुळे खऱ्या तक्रारीकडेही कोणी लक्ष देत नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

आधी खरी तक्रार. २४ फेब्रुवारी २०२१ ला राष्ट्रीय शेअर बाजार, म्हणजे एनएसई, सकाळी ११:४० ला बंद पडला. दूरसंचाराच्या लाइनी बिघडल्या असं सांगण्यात आलं. पावणेचारला व्यवहार पुन्हा सुरू झाले ते पाचपर्यंत चालले. पण बाजाराची नेहमीची वेळ साडेतीनपर्यंतची. वेळ वाढणार हे आधी न कळल्यानं कित्येक दलाल कंपन्यांनी गिऱ्हाइकांचे त्या दिवसाचे सौदे दुसऱ्या बाजारात, मिळेल त्या भावात, उरकून टाकले होते. यात ज्याचं नुकसान झालं त्याचा काय दोष? नोव्हेंबर २०२२ मध्ये सेबीनं दलाल कंपन्यांसाठी नियम काढले. त्यांत सलग पाच मिनिटं किंवा जास्त वेळ यंत्रणा थांबली, मंदावली तर तो बिघाड धरला गेला. पण पाच मिनिटांत ऑप्शनचा भाव कुठल्या कुठे जातो! आणि गिऱ्हाइकाच्या हाती काय, तर 'तांत्रिक अडचणीबद्दल दिलगीर आहोत'. आमच्या मोंढ्यात काटा बिघडला म्हणून माप कमी भरलं, दिलगीर आहोत, असं आडत्यानं म्हणून पाहावं. शेतकरी कापसाची गाडी तिथनं हलवणार नाही.

इथपर्यंत मी पोरांच्या बाजूनं आहे. पुढे नाही.

स्टॉपलॉसचंच घ्या. भाव अमुक ठिकाणी आला की वीक, अशी ती सूचना. पण भाव त्या ठिकाणावरून उडी मारून खाली गेला तर माल खालच्याच भावात विकला जातो, आणि किमान भावाची अट घातली असेल तर विकलाच जात नाही. हा बिघाड नव्हे, हा नियम. तो न वाचता पैसे लावायचे आणि मग ॲपला शिव्या द्यायच्या!

सिग्नलची तक्रार तर त्याहून निराळी. मोंढ्यातल्या आडत्यानं टॅली आणली ती कालचा हिशेब बरोबर लागावा म्हणून. टॅली उद्याचा कापसाचा भाव सांगत नाही अशी तक्रार घेऊन तो कधी दुकानदाराकडे गेला नाही. त्याला ठाऊक आहे, चाळीस वर्षं वही लिहिणाऱ्या मुनिमालाही उद्याचा भाव सांगता आला नव्हता. पण त्याच आडत्याचा मुलगा महिन्याची वर्गणी भरून हिरवे-लाल बाण दाखवणारं सॉफ्टवेअर घेतो, आणि बाण चुकला की 'सॉफ्टवेअर खराब' म्हणतो.

माझ्या वयाच्या मंडळींना यात काही ओळखीचं दिसेल. मटक्याचा जन्म कापसाच्याच भावातून झाला. न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचे उघडण्याचे आणि बंद होण्याचे भाव तारेनं मुंबईत येत, त्यावर लोक पैसे लावत. १९६१ च्या सुमारास ते भाव येणं बंद झालं, पण आकडा थांबला नाही. मडक्यातून चिठ्ठ्या काढून तो चालू राहिला. ओपन आणि क्लोज हे शब्द तिथलेच. गावोगावी लोक जुन्या आकड्यांचे चार्ट घेऊन बसत आणि उद्याचा आकडा काढून देणाऱ्याला पैसे मोजत. आज चार्ट मोबाइलवर आला, मेणबत्त्यांसारखा दिसू लागला, एवढाच फरक. (मटक्याला लोक निदान जुगार म्हणत!) परताव्याचे असे दावे करणाऱ्या मंचांशी दलालांनी संबंध ठेवू नयेत, असं सेबीनं सप्टेंबर २०२२ मध्येच बजावलं आहे.

कोणी म्हणेल, सर, चांगलं सॉफ्टवेअर मिळालं तर आम्हीही कमावू. सप्टेंबर २०२४ चा सेबीचा अहवाल पाहा. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत वायदे आणि ऑप्शनमध्ये एक कोटीहून जास्त व्यक्ती उतरल्या, त्यातल्या ९३ टक्के तोट्यात गेल्या. तोटा सरासरी दोन लाख, एकूण १.८ लाख कोटींच्या वर. आणि नफा कोणाला? २०२३-२४ मध्ये परकीय गुंतवणूकदार संस्थांच्या नफ्यातला ९७ टक्के आणि स्वतःच्या पैशानं सौदे करणाऱ्या कंपन्यांच्या नफ्यातला ९६ टक्के हिस्सा संगणकानं आपोआप केलेल्या सौद्यांतून आला. म्हणजे चांगलं सॉफ्टवेअर आहे, पण ते समोरच्याकडे आहे. त्यातल्या कित्येकांचे संगणक बाजाराच्याच आवारात भाड्यानं ठेवलेले असतात. तुम्ही गेवराईला लाईट गेल्यावर टॉवरची एक काडी शोधत गच्चीवर जाता, तोवर त्यांचे हजारो सौदे होऊन गेलेले असतात. तुमचं ॲप दुप्पट वेगानं चाललं तरी या शर्यतीत काय फरक पडणार?

मल्टीस्टेट पतसंस्थांत ठेवी अडकून बसलेला हा आपला बीड जिल्हा. तिथं उरलेसुरले पैसे, कधी आईचे दागिने गहाण ठेवून आणलेले, या बाणांमागे जातात, आणि घरी सांगताना मात्र पोरगं म्हणतं, "ॲप हँग झालं होतं." आईला ते खरं वाटतं. याचा मला राग येतो.

असो. ज्यांचं ॲप खरोखर बंद पडलं असेल त्यांनी तारीख, वेळ आणि स्क्रीनचा फोटो ठेवावा, आधी दलाल कंपनीकडे लेखी तक्रार करावी, दाद मिळाली नाही तर सेबीच्या 'स्कोअर्स' संकेतस्थळावर. अर्जाचा मजकूर मराठीत लिहून आणलात तर तपासून द्यायला मी तयार आहे. सिग्नल चुकला म्हणून अर्ज करायचा असेल तर मात्र माझ्याकडे येऊ नये.