ब्लू कार्ड एकाचं, संसार दोघांचा

पुणे आणि स्टुटगार्ट यांना जोडणारी वाट चाकणमधून जाते. मर्सिडीज-बेंझचा कारखाना चाकणला आणि मुख्यालय स्टुटगार्टला. बॉश आणि पोर्शे याही तिथल्याच कंपन्या. मुंबई आणि स्टुटगार्ट ही १९६८ पासून भगिनी शहरं आहेत, आणि २०२४ मध्ये महाराष्ट्राने कुशल मनुष्यबळ पाठवण्यासाठी बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी करार केला. त्यामुळे पुण्यातून उठून तिथे बिऱ्हाड थाटणारं तरुण जोडपं ही आता नवलाची गोष्ट उरलेली नाही. पण या सगळ्या व्यवहारात तयारी होते ती दोघांपैकी एकाचीच. ज्याला नोकरी मिळाली, त्याची. दुसऱ्याने, बहुतेक वेळा बायकोने, मागोमाग जाऊन आपोआप रुळावं अशी अपेक्षा असते.

कायद्याच्या बाबतीत जर्मनी उदार आहे. ब्लू कार्ड म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांचा निवास-परवाना. ते असणाऱ्याच्या जोडीदाराला पहिल्या दिवसापासून कुठलीही नोकरी करण्याची मुभा असते. अमेरिकेत एच-१बी व्हिसाधारकांच्या जोडीदारांना कामाचा परवाना मिळू लागला तो २०१५ पासून, आणि तोही ग्रीन कार्डाची प्रक्रिया ठरावीक टप्प्यावर पोहोचलेल्यांनाच. त्याआधी कितीतरी शिकल्यासवरल्या मराठी मुलींनी उमेदीची वर्षं घरात बसून काढली. ब्लू कार्डवाल्याच्या जोडीदाराला जर्मनीत येण्यापूर्वी भाषेची परीक्षाही द्यावी लागत नाही. नेमकी ही सवलतच पुढे महागात पडते. अट नाही म्हटल्यावर शिकणं लांबणीवर पडतं. लग्न, व्हिसा, सामानाची बांधाबांध यांत सहा महिने निघून जातात, आणि पुण्यात मॅक्सम्युलर भवन आणि रानडे इन्स्टिट्यूट हाकेच्या अंतरावर असूनही ती जर्मनचा एक धडाही न शिकता विमानात बसते.

सुरुवातीची धावपळ दोघांची मिळून असते. नव्या घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत पत्त्याची नोंदणी करायची आणि त्यासाठी घरमालकाचा दाखला मिळवायचा. भाड्याची घरं पुष्कळदा स्वयंपाकघराविनाच मिळतात. ओटा, सिंक, शेगडी, कपाटं सगळं भाडेकरूनेच आणून बसवायचं. हे उरकलं की तो कामावर रुजू होतो. तिथे बैठका इंग्रजीत, सहकारी चार देशांचे, उपाहारगृहात पुण्याचा एखादा ओळखीचा चेहराही भेटतो.

खरं जर्मन शहर भेटतं ते तिला. विमा कंपनीचं पत्र, घरमालकाची सूचना, डॉक्टरची वेळ घेण्यासाठी करायचा फोन, हे सगळं जर्मनमध्ये. स्टुटगार्टच्या श्वाबियन मुलुखाची ‘केअरवोखे’, म्हणजे सफाईचा आठवडा, हीही बहुधा तिच्याच वाट्याला येते. पाळी आली की दारावर पाटी लटकते. त्या आठवड्यात जिना पुसायचा, घरापुढचा पदपथ झाडायचा. पंधराव्या शतकाच्या अखेरीपासून या भागात ही रीत चालत आली आहे. शेजारणीशी पहिलं मोकळं बोलणं या जिन्यातच होण्याची शक्यता जास्त, आणि ते श्वाबियन बोलीत असणार. भाषा येत नसली की तेवढीही ओळख हुकते.

नोकरीचं दार तर त्याहून जड. सॉफ्टवेअरमधली असेल तर तिची वाट सोपी, कारण त्या क्षेत्रात पदवीला सरकारी मान्यता लागत नाही. पण ती दंतवैद्य, फार्मासिस्ट किंवा शिक्षिका असेल तर? डॉक्टर, दंतवैद्य आणि फार्मासिस्टना परवान्यासाठी व्यवसायाची भाषा सी१ या वरच्या पातळीवर यावी लागते. जर्मनीतल्या शिक्षकाने सहसा दोन विषयांत पदवी घेतलेली असते, त्यामुळे एकाच विषयाची पदवी आणि बीएड असलेलीला नव्याने अभ्यास करावा लागतो. हे मुंबईच्या विमानतळावर नव्हे, लग्नाच्या बैठकीत बोलायला हवं. मुलाचं पॅकेज विचारलं जातं, तसंच मुलीच्या पदवीचं तिकडे काय होणार हेही विचारलं पाहिजे.

जर्मनीत पगारातून दरमहा किती कर कापायचा हे करवर्गावर ठरतं. या करवर्गाच्या प्रकरणाकडे फारच थोडे लक्ष देतात. नवरा-बायकोला तीन-पाच किंवा चार-चार अशी जोडी निवडता येते. जास्त कमावणाऱ्याने वर्ग तीन घेतला की घरात दरमहा हातात पडणारी एकूण रक्कम वाढते, म्हणून जुने रहिवासी तोच सल्ला देतात. मग तिला पहिली नोकरी लागते तेव्हा वर्ग पाचमुळे तिच्या पगारातून जबर कपात होते आणि ‘एवढ्यासाठी कशाला राबायचं?’ हा प्रश्न घरातच उभा राहतो. प्रत्यक्षात एकत्र विवरणपत्र भरल्यावर वर्षाचा एकूण कर तितकाच येतो. मात्र बेकारभत्ता आणि बाळंतपणानंतरचा पालकभत्ता निव्वळ पगारावर मोजला जात असल्याने तिचं नुकसान खरंखुरं असतं. चार-चार घ्यावं, हे स्पष्ट सांगायला हवं.

कधी चित्र उलटंही असतं. ती परिचारिका म्हणून जाते आणि नवरा मागून. घरी बसण्याचा काच त्यालाही तितकाच. किंबहुना गावाकडून येणाऱ्या फोनवर त्याला तो बोलूनही दाखवता येत नाही.

भाषेसाठी सोय आहे. स्टुटगार्टच्या फोल्कसहोखशूलमध्ये, म्हणजे प्रौढशिक्षण केंद्रात, जर्मनचे वर्ग चालतात. सरकारी एकात्मता अभ्यासक्रमात भाषेचेच साधारण ६०० तास असतात. एवढे तास देऊन बी१ पातळी गाठता येते, पण त्यासाठी घरात कुणीतरी मूल सांभाळायला हवं. पहिल्या वाढदिवसानंतर पाळणाघरातल्या जागेचा हक्क कायद्याने २०१३ पासून दिला आहे, तरी कर्मचारी अपुरे असल्याने प्रत्यक्ष जागेसाठी थांबावं लागतं. तोवर संध्याकाळचा वर्ग तिचा आणि मूल त्याचं, अशी वाटणी हवी. चाकणहून माणसं नेणाऱ्या कंपन्या विमानाचं तिकीट आणि सामानाचा खर्च देतात. जोडीदाराच्या जर्मनचं आणि पदवी-मान्यतेचं शुल्कही त्याच नियुक्तीपत्रात लिहून द्यायला त्यांना भाग पाडलं पाहिजे, आणि राज्य सरकारने केलेल्या करारात जोडीदारासाठीही कलम घातलं पाहिजे.