लोंबत्या ओझ्याखाली उभे राहू नका



३१ ऑगस्ट २०२४ रोजी केदारनाथजवळ हवाई दलाचे एमआय-१७ हेलिकॉप्टर एक बिघडलेले छोटे हेलिकॉप्टर खाली टांगून गौचरकडे नेत होते. वाऱ्याने ओझे हेलकावू लागले, वरच्याचाही तोल जाऊ लागला. वैमानिकाने ओझे दरीत सोडून दिले. खाली माणूस नव्हता म्हणून निभावले. त्याने केले ते योग्यच. गाडी कलंडू लागली की आपण आधी बैलांचे जू सोडतो ना? तसाच हा आकडा कळ दाबताच उघडतो.

आमच्या सांगवीजवळ पवना मुळेला मिळते. पूर आपल्याला नवा नाही. उद्या मदतीचे हेलिकॉप्टर गठ्ठे टांगून वावरावर आले, तर खाली धावू नका. हलका, पसरट गठ्ठा तर जड गठ्ठ्यापेक्षा जास्त गरगरतो! पंख्याच्या वाऱ्याने दगड ठेवून दाबलेले पत्रेही उडतात, कडब्याच्या पेंढ्यांचे काय घेऊन बसलात! गुरे आधीच लांब बांधा, पोरांना धाब्यावरून उतरवा. लोंबता आकडा जमिनीला टेकेपर्यंत त्याला हात लावू नका. उडताना हेलिकॉप्टरात वीज साठते, तिचा जबर झटका बसतो. गठ्ठा सोडून हेलिकॉप्टर दूर गेले, की मगच पुढे व्हा.