अर्थ विचारला की राग का येतो?

पोस्ट लांब आहे, पण पूर्ण वाचा. शिव्या शेवटी द्या.

गणपती आले की आपल्या नंदुरबार, शहादा, तळोद्यात सामूहिक अथर्वशीर्ष पठणाचे बॅनर लागतात. पुढाऱ्याचा फोटो मोठा, स्तोत्राचं नाव बारीक. दुसऱ्या दिवशी आम्हा पत्रकारांच्या व्हॉट्सॲपवर प्रेसनोट येते. आवर्तनं किती झाली, महिला किती जमल्या, दीपप्रज्वलन कोणाच्या हस्ते झालं, आभार कोणी मानले, सगळं त्यात असतं. जे म्हटलं त्यात काय सांगितलंय, ही ओळ वीस वर्षांत एकाही प्रेसनोटमध्ये मला दिसलेली नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. अर्थ न सांगता माणसं जमवून करून घेतलेलं पठण ही कवायत आहे. तिला साधना म्हणू नका.

आता काही जण म्हणतील, हा धर्माच्या विरोधात लिहितोय. अजिबात नाही. दिवेलागणीला घरात रामरक्षा म्हणणारी आजी मला पूज्य आहे. पण रामरक्षा हे कवच आहे, हे किती घरांत मुलांना सांगतात? डोकं, कपाळ, डोळे, कान, नाक, असं करत पार पायापर्यंत एकेका अवयवाच्या रक्षणासाठी रामाला हाक मारलेली आहे. झोपणाऱ्या लेकराच्या अंगावरून मायनं हात फिरवावा, तसंच ते. एवढं कळलं तर पोरगं पाठ करायला कुरकुर करणार नाही.

अथर्वशीर्षाचंही तेच. सुरुवातीलाच म्हणणारा माणूस सत्य बोलण्याची ग्वाही देतो. पुढे बोलणाऱ्याचं, ऐकणाऱ्याचं, शिकवणाऱ्याचं, शिकणाऱ्याचं रक्षण कर, असं मागणं आहे. स्टेजवरच्या पहिल्या रांगेतले आपले मान्यवर ही ग्वाही एकवीस वेळा देतात. मग खाली उतरतात आणि पाणीयोजना पूर्ण झाली म्हणून भाषण ठोकतात. समोर बसलेल्या बाईच्या नळाला पाणी नसतं. तिला आपण आत्ता काय म्हटलं हे माहीत असतं, तर तिनं तिथंच हात वर केला असता. म्हणून मला वाटतं, अर्थ न सांगणं काहींच्या सोयीचंही आहे.

यावर ठरलेलं उत्तर येतं, ‘मंत्राची शक्ती ध्वनीत असते, अर्थ कळला नाही तरी चालतं.’ भाऊ, हा वाद दोन-अडीच हजार वर्षांचा जुना आहे. मंत्रांना अर्थच नसतो, असं कौत्स नावाचे आचार्य म्हणत होते. यास्काचार्यांनी ‘निरुक्त’ या ग्रंथात त्यांचं मत खोडून काढलं. अर्थ न जाणता वेद पाठ करणाऱ्याला तिथे नुसतं ओझं वाहणाऱ्या खांबाची उपमा आहे. म्हणजे अर्थ विचारणं हे आमच्यासारख्यांचं नवं खूळ नाही. ती परंपराच आहे. ज्ञानेश्वरांनी १२९० साली नेवाशात गीता मराठीत आणली, ती कशासाठी? लोकांना नुसता ध्वनीच पुरला असता, तर नऊ हजार ओव्या रचायची गरजच काय होती?

दुसरा मुद्दा उच्चाराचा. ‘तुमचे उच्चार शुद्ध नाहीत’ हे वाक्य या महाराष्ट्रात फार जुनं हत्यार आहे. कोणी कोणते मंत्र म्हणायचे आणि कोणासाठी म्हणायचे, यावर पहारे होते. १८९९ साली कोल्हापुरात पंचगंगेच्या काठी खुद्द शाहू महाराजांना वेदोक्त मंत्र नाकारले गेले. आज पुण्यात दगडूशेठ गणपतीसमोर ऋषिपंचमीच्या पहाटे हजारो बायका अथर्वशीर्ष म्हणतात. तो पहारा मोडला, हे चांगलंच झालं. पण दार उघडलं आणि आतला दिवा लावलाच नाही, तर काय उपयोग?

आपल्या जिल्ह्यात तर हा प्रश्न जास्त टोचतो. २०११ च्या जनगणनेत इथले जवळपास ६९ टक्के लोक आदिवासी. धडगावचं पोरगं घरी पावरी बोलतं, आश्रमशाळेत मराठी शिकतं, वरून इंग्रजी. २०२४ साली राज्याच्या शालेय अभ्यासक्रम आराखड्याच्या मसुद्यात मनाचे श्लोक आणि गीतेच्या अध्यायाच्या पाठांतर स्पर्धा सुचवल्या होत्या. त्यावर राज्यभर गदारोळ झाला. गीतेच्या अशा स्पर्धेत शुद्ध उच्चाराला मार्क असतील, तर बक्षीस कोणत्या घरात जाईल हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. आणि मागे राहिलेलं पोर काय शिकेल? आपल्या जिभेतच खोट आहे, एवढंच. ज्याला आवडेल त्यानं घरी, मंदिरात खुशाल शिकावं. शाळेत त्याची शर्यत नको.

आणि भक्तीनं माणसं बदलतात का, हे बघायला लांब जायची गरज नाही. १९३०च्या दशकात याच तळोदा तालुक्यात गुलाम महाराजांनी आरती सुरू केली. हजारो आदिवासी जमायचे. त्यांनी दारू सोडली, एकमेकांना ‘आप’ म्हणून मानानं हाक मारायला लागले. संस्कृत येण्याची अट नव्हती, उच्चार तपासणारा कोणी नव्हता. जे म्हणत होते ते कळत होतं, म्हणून ते घरी गेल्यावरही टिकलं. आपल्या एकवीस आवर्तनांनंतर गावातला एक तरी गुत्ता बंद झालाय का?

खानदेशातली म्हातारी म्हणते, ‘मना देवले मनी भाषा समजस.’ तिच्याइतकी खात्री मंडळांना का नाही?

म्हणून सगळ्या मंडळांना जाहीर विनंती. यंदा आवर्तनं एकवीसऐवजी अकरा करा. वाचलेल्या वेळात एका जाणत्या माणसाला माईक द्या, त्यानं ओळीओळीचा अर्थ मराठीत सांगावा, जमलं तर अहिराणीत आणि पावरीतही. खर्च शून्य. त्याची प्रेसनोट पाठवा, फोटोसकट छापायला मी स्वतः धडपडेन.

आता द्या शिव्या. कमेंट उघडीच आहे. फक्त एक अट. शिवी देण्याआधी अथर्वशीर्षातल्या कोणत्याही एका ओळीचा अर्थ मराठीत लिहायचा. मोबाईलमध्ये न बघता.