शाळेच्या दारात बंदूक

अमेरिकेत शाळेत गोळीबार झाला, की एक तोडगा हटकून पुढे येतो: निवृत्त पोलिसांना पिस्तूल देऊन दारात बसवा. २०१२ साली न्यूटाउनच्या शाळेत २० चिमुरडी आणि ६ मोठी माणसे मारली गेली, तेव्हा तिथल्या रायफल संघटनेनेही हेच सुचवले होते. आईबापांना ते पटते; हाताला सवय असलेला, पेन्शनीतला माणूस.

मला पटत नाही. कोलंबाइनला १९९९ साली सशस्त्र पोलीस होता, त्याने गोळ्याही झाडल्या. तरी १२ मुले आणि एक शिक्षक गेले. पार्कलँडला २०१८ साली तो इमारतीबाहेरच थांबला, आत १७ जण मेले. आणि २०२२ साली टेक्सासमधल्या उवाल्डेत ३७६ पोलीस जमूनही हल्लेखोरापर्यंत पोचायला ७७ मिनिटे लागली! समोर रायफल असताना साठीचा एकटा गृहस्थ काय करणार?

या तिन्ही ठिकाणचे मारेकरी त्याच शाळेत शिकलेले होते. म्हाताऱ्या पोलिसाची खरी कमाई म्हणजे माणसे ओळखणारी नजर. त्याला जरूर नेमावे, पण पिस्तुलाविना. मधल्या सुट्टीत एकटाच बसणाऱ्या पोराशेजारी त्याने जाऊन बसावे, घरी काय चालले आहे ते विचारावे, आणि बापाच्या कपाटात बंदूक आहे का, तेही.